जागा पाहून येणारे मामा

“घाई त्यांची आहे, आमची नव्हे.”

समोर कोणी मुलगा किंवा मुलगी मोबाइल पुढे करून उभी असे. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर नोकरी दुसऱ्याला जाणार, असा मेसेज आलेला असे. आणि मामा हे वाक्य म्हणून चष्मा काढत आणि रुमालाने पुसत बसत. आधी एक काच, मग दुसरी, मग उजेडाकडे धरून दोन्ही. तोवर समोरच्याचा जीव वरखाली होत राही. पण अर्धं काम त्या पुसण्यातच होऊन जाई, हे मला पुढे कळलं. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत त्या पोराचा श्वास जागेवर आलेला असे, आणि श्वास जागेवर आला की मेसेजमधलं काहीतरी त्याचं त्यालाच खटकू लागे.

तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझं लहानसं नेट सेंटर आहे. सरकारी परीक्षांचे अर्ज, आधार कार्डावरच्या चुका, झेरॉक्स, फोटो, सगळं तिथे होतं. आमच्या गल्लीत अजून थोडी मराठी घरं आहेत. घरात आम्ही मराठी बोलतो, तेही आमच्या पद्धतीचं, निम्मं तमिळ मिसळलेलं. लिहिणं-वाचणं मात्र तमिळमध्ये. वडिलांनी हट्टाने देवनागरी शिकवली म्हणून मला हे लिहिता येतंय. सेंटरवर मला सगळे अक्का म्हणतात. मामा माझ्याहून बरेच मोठे, तरी तेही अक्काच म्हणत.

मामा मूळचे पंपवाले. शेतीचे पंप विकणाऱ्या एका कंपनीच्या तिरुवैयारूच्या ऑफिसात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. कावेरीच्या दोन्ही अंगांच्या गावांत मोटरसायकलवरून फिरत. कुठल्या गावाचा रस्ता पावसात तुटतो, कुठल्या वळणावर लॉरी अडकते, हे त्यांना अंगणासारखं ठाऊक होतं. मग एका वर्षी कंपनीने ते ऑफिसच बंद केलं. मामांना एक शाल दिली, एक फोटो काढला आणि घरी पाठवलं.

त्यानंतर ते माझ्याकडे येऊ लागले. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, खिशाला पेन. बेकारीत माणूस इतका नीटनेटका राहिलेला मी दुसरा पाहिला नाही. रोज सकाळी दाराजवळच्या खुर्चीवर बसून ते नोकऱ्यांच्या वेबसाइटी उघडत. अर्जात जन्मसाल निवडायचं असतं, त्या यादीत त्यांना खाली, खाली, आणखी खाली जावं लागे.

“माझं साल येईपर्यंत बोट दुखतं, अक्का,” ते म्हणत.

मी हसत असे. पण रोज तेच बोट, तीच यादी आणि कुठूनच उत्तर नाही, हे पाहून मलाही थकवा येई. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती तक्रार करत नाहीत, फक्त दर महिन्याला त्यांचा आवाज थोडा खाली येतो.

आणि मग एक दिवस उत्तर आलं. मोठ्या पंप-कंपनीच्या नावाने. मोबाइलवरच प्रश्न विचारले, मोबाइलवरच अभिनंदन केलं, शिक्का मारलेलं पत्र पाठवलं. चेन्नईत विभागीय व्यवस्थापक. प्रशिक्षणाच्या सामानासाठी काही रक्कम भरायची, ती पहिल्या पगारात परत मिळणार. मामांनी ते सेंटरवर दाखवलंही नाही. घरच्या घरीच भरून मोकळे झाले आणि ठरलेल्या दिवशी पहाटेच्या बसने चेन्नईला गेले.

पत्त्यावर लग्नाचं कार्यालय होतं. आत लग्न चाललं होतं.

दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्यांनी यांचा इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि अदबीने आत घेतलं. मामा पत्राची घडी हातात घेऊन उभे. कुणीतरी दंडाला धरून त्यांना पंगतीत नेऊन बसवलं. पुढे केळीचं पान आलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “मुलाकडचे की मुलीकडचे?”

“मुलाकडचा,” मामा म्हणाले. आणि जेवले.

ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. सेंटर भरलेलं असताना, सगळ्यांसमोर. पोरं पोट धरून हसली. मामाही हसले. “सांबार बरं होतं,” म्हणाले, “पायसम जरा पातळ.” मग चष्मा काढून पुसू लागले आणि त्या दिवशी बराच वेळ पुसत राहिले.

आम्ही सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली. पैसे मिळाले नाहीत. मामी घरी ब्लाउज शिवतात. त्यांनी नवऱ्याला शब्दाने दुखवलं नाही, फक्त शिवणाचं आणखी काम घेतलं. “ती बोलली असती तर बरं होतं,” मामा एकदा मला म्हणाले.

तेव्हापासून मामांची खुर्ची तीच राहिली, काम बदललं. स्वतःचे अर्ज कमी कमी होत गेले. गल्लीतली, मग ओरत्तनाडूकडची पोरंही आपापले मोबाइल घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली. मामांची रीत ठरलेली. आधी कंपनीची खरी वेबसाइट उघडायची आणि ती जागा तिथे जाहीर झाली आहे का पाहायचं. मेसेजमधल्या नंबरावर फोन करायचा नाही, वेबसाइटवरच्या नंबरावर करायचा. पत्र कंपनीच्या मेलवरून आलंय की कुठल्याही सोम्यागोम्याच्या, ते बघायचं. आधी पैसे मागितले की पुढचं वाचायचंच नाही. ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगायचा नाही.

“अय्यो मामा, हे खरं आहे, माझ्या मैत्रिणीच्या भावाला असाच मेसेज आलाय,” एखादी म्हणे.

“असकींना तोच मेसेज पाठवतात, बाळे,” मामा म्हणत. असकी म्हणजे सगळे. हा जुना शब्द आमच्या घरांतून अजून निघतो.

पण त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे जागा पाहणं. नोकरी कुंभकोणमची असो की तिरुचीची, ते बसने जाऊन ते ऑफिस डोळ्यांनी पाहून येत. कुणी सांगितलेलं नसे, भाडंही कुणी देत नसे. परत येऊन सांगत, “आहे. वर बोर्ड आहे, आत माणसं आहेत, जिन्यात चपला आहेत. जा.” किंवा नुसती मान हलवत. मला वाटतं, प्रत्येक वेळी ते त्या लग्नाच्या कार्यालयाच्या दारातच पुन्हा जाऊन उभे राहत होते, आणि दुसऱ्या कुणाला तिथून परत फिरवत होते.

हे सगळं चांगलंच चाललं होतं. सुगुणाचं प्रकरण घडेपर्यंत.

सुगुणाचं घर माझ्या सेंटरच्या समोर. बी.कॉम. झाली आणि घरी बसली. आई एका शाळेत स्वयंपाक करते, वडील नाहीत. मुलगी हुशार, पण मितभाषी. आम्ही मराठीत विचारलं तर ती तमिळमध्ये उत्तर देई, तेही एका शब्दात. तिने किती अर्ज केले याची मोजदाद तिलाही नसेल. दोन वेळा खोट्या नोकऱ्यांच्या अगदी तोंडाशी गेली होती, आणि दोन्ही वेळा मामांनी तिला मागे ओढलं होतं. म्हणून तिच्या आईचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास.

मग तिरुचीहून एक मेल आली. औषधांच्या दुकानांना माल पोचवणारी कंपनी, तिथे बिलं करायचं काम. सुगुणाची फोनवर मुलाखत झाली होती. सोमवारी मूळ सर्टिफिकेटं घेऊन हजर व्हा, दाखवून परत नेता येतील, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्यात होतं.

सुगुणाचा चेहरा त्या दिवशी वेगळाच होता. मामांनी चष्मा पुसला आणि मेल वाचली. मेलचा पत्ता साधाच, कुणाचाही असतो तसा. वेबसाइट उघडली तर ‘लवकरच सुरू’ एवढंच. नंबर कुणी उचलेना. आणि वर सोमवारची घाई.

“जागा पाहून येतो,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. उन्हाने चेहरा काळवंडला होता. सुगुणा आणि तिची आई सेंटरवर वाट पाहत होत्या.

“वरच्या मजल्यावर एक खोली आहे. शटर अर्धं खाली. बोर्ड नाही. आत रंगाचे डबे आणि एक शिडी. खालच्या चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला कोण आहेत ठाऊक नाही.” मामा पाणी प्यायले. “मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या हातात द्यायची नाहीत. नको.”

“नुसतं जाऊन बघते,” सुगुणा म्हणाली.

“नको म्हणालो ना, बाळे.”

तिने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. सोमवार आला आणि गेला. त्या दिवशी मी समोर पाहिलं तर सुगुणा तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून तांदूळ निवडत होती. तांदूळ बघतच नव्हती.

पुढे काही आठवड्यांनी तिच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीने मोबाइलवर फोटो टाकला. नव्या ऑफिसात पहिला पगार. मागे भिंतीवर कंपनीचं नाव, चकचकीत अक्षरांत. तीच कंपनी, तीच इमारत, तोच मजला. जुन्या कंपनीची नवी शाखा होती. बोर्ड तेव्हा लागायचा होता, वेबसाइट तयार व्हायची होती. घाईसुद्धा खरीच होती.

सुगुणाने तो फोटो सेंटरवर आणला नाही. दुसऱ्याच एका मुलीने आणला, त्या जागेमागची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. मामांनी मोबाइल हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला नाही. फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला आणि तिला दिला. मग उठून समोर गेले.

गल्ली अरुंद आहे, मला सगळं ऐकू येत होतं. मामा तिण्णैखाली उभे राहिले, वर बसले नाहीत.

“सुगुणा, माझं चुकलं.”

ती तिण्णैवरचे तांदळाचे कण बोटाने गोळा करू लागली.

“खरी जागा होती ती. मी नको म्हणालो. तुझं मोठं नुकसान झालं.”

मग ती बोलली. मराठीत बोलली. मी तिला इतकं सलग मराठी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला मिळाली नाही म्हणून मलाही मिळू नये, असंच ना?”

आतून तिची आई धावत आली, “काय बोलतेस गं, मोठ्यांना!” म्हणाली. सुगुणा उठून आत गेली. मामा तिच्या आईला “राहू द्या, राहू द्या” म्हणाले आणि घरी गेले. बूट पायांत असूनही ते त्या दिवशी अनवाणी माणसासारखे, जमीन चाचपत चालले होते.

मग ते सेंटरवर यायचे बंद झाले. मोबाइल घेऊन येणारी पोरं रिकाम्या खुर्चीकडे बघून मला विचारत. मी जमेल तसं सांगत असे. मामी दिसल्या तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, “तिरुचीला जातात.”

“कशाला?”

“मला कुठे सांगतात.”

ते त्या ऑफिसात जाऊन बसत होते, हे मला पुढे कळलं. मॅनेजरला भेटायला. पहिल्या दिवशी त्याने भेट दिली नाही. दुसऱ्या खेपेला उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि म्हणाला, जागा भरली. मामांनी सुगुणाची माहिती लिहिलेला कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, चूक मुलीची नाही, माझी आहे, पुढची जागा निघेल तेव्हा तिला बोलवा. मॅनेजर तरुण होता, चिडला नाही. ती तुमची कोण लागते, एवढं विचारलं. “शेजारची,” मामा म्हणाले.

तिसऱ्या खेपेला ते गेले तेव्हा ऑफिसात गोंधळ चालला होता. ओरत्तनाडूकडे गेलेली गाडी कुठेतरी अडकली होती आणि ड्रायव्हर फोनवर ओरडत होता. मामा बाकावर बसून ऐकत होते. शेवटी न राहवून उठले आणि म्हणाले, “त्याला सांगा, पुलावरून मागे फिर आणि कालव्याच्या कडेने जा.” गाडी वेळेत पोचली. मॅनेजरने त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि पूर्वी काय करत होता ते विचारलं. शेवटी म्हणाला, गाड्या कुठून कशा पाठवायच्या हे बघायला मला माणूस हवाय. तुम्ही याल का?

मामांनी काय विचारलं असेल? “भरायचं काय?”

मॅनेजरला कळलंच नाही. “कसलं भरायचं?”

“पैसे. सामानाचे. प्रशिक्षणाचे.”

तो हसत सुटला. मामा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर लावलेलं कंपनीचं नोंदणीपत्र जवळ जाऊन वाचलं, मगच खाली बसले.

पत्र मेलवर आलं, त्या दिवशी ते माझ्याकडे आले. बऱ्याच दिवसांनी. खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

“अक्का, तुम्ही पाहा. माझं मला दिसत नाही.”

मी त्यांच्याच रीतीने सगळं पाहिलं. मेल कंपनीची होती. वेबसाइट आता उघडत होती. तिच्यावरच्या नंबरावर मी फोन लावला, पलीकडच्या बाईने मामांचं नाव घेतलं, होय म्हणाली. मी फोन ठेवला.

“खरी आहे, मामा.”

“नीट पाहिलंत?”

“नीट पाहिलं.”

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आल्यावर माणूस नाचेल, असं मला वाटे. मामा फक्त दमलेले दिसत होते.

“तिची घालवली, आणि त्याच दारातून माझी आणली,” ते म्हणाले. “कोणत्या तोंडाने जाऊ?”

“मामींना विचारलंत?”

“तिला काय विचारू? शिवून शिवून तिच्या डोळ्यांचं काय झालंय, ते बघतो ना मी.”

ते उठले आणि समोर गेले. सुगुणा दारातच होती. या वेळी मामांचा आवाज इतका खाली होता की मला ऐकू आला नाही. तिचा ऐकू आला.

“तुम्ही नाही म्हटलं तर ती मला देणार आहेत का?”

मामांनी मान हलवली.

“मग जा.”

आणि ती आत गेली. गोड बोलली नाही, कडूही नाही. मामा तिथेच थोडे थांबले. नंतर मला म्हणाले, “बरोबर बोलली.” सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट, बूट आणि डब्याची पिशवी घेऊन ते तिरुचीच्या बसला गेले.

पुढे त्या कंपनीत बिलांची जागा निघाली. मामांनी सुगुणाच्या घरी जाऊन सांगितलं नाही, तिच्या आईच्या मोबाइलवर नुसती जाहिरात पाठवली. सुगुणाने ती स्वतः तपासली, स्वतः अर्ज केला, स्वतः जाऊन परीक्षा दिली. मामांचं नाव कुठे घातलं नाही. लागली.

आता मामा गल्लीत नाहीत. रोजच्या बसने त्यांची पाठ आखडली, म्हणून ते मामींना घेऊन तिरुचीलाच राहायला गेले. त्यांच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं आहे. जायच्या दिवशी मी बाहेरगावी होते, त्यामुळे निरोप असा झालाच नाही. पोरं अजून मोबाइल घेऊन येतात. मेसेज बदलले आहेत, पत्रं आता अधिक शुद्ध भाषेत येतात, आवाजही खोटे काढता येतात म्हणे. मी एकेक तपासते. संध्याकाळपर्यंत डोळे जड होतात. काही ऐकतात, काही घरी जाऊन पैसे भरतात आणि मग रडत येतात. त्यांना पाणी देते.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते मामा आणि सुगुणा एकाच बसने जात असत, त्या दिवसांत. प्रिंटरचा सुटा भाग आणायला मला तिरुचीला जायचं होतं. सकाळी बसस्टँडवर ही गर्दी. मामा खांबाला टेकून उभे होते, एक हात कमरेवर. सुगुणा थोडी दूर, कानात हेडफोन. एकमेकांकडे बघत नव्हती. तिच्या आईने मला सांगितलं होतं, ऑफिसात कामापुरतं बोलते, बाकी नाही.

बस लागली आणि माणसं दारावर तुटून पडली. सुगुणा कोपरं मारत आत घुसली. थोड्या वेळाने एका खिडकीतून तिचा हात बाहेर आला. मामा खाली उभे होते. तिने त्यांची डब्याची पिशवी वर ओढून घेतली आणि खिडकीजवळच्या सीटवर ठेवली. मामा मागच्या दाराने कसेबसे चढले, त्या पिशवीपाशी पोचले आणि ती मांडीवर घेऊन बसले. मला जागा मिळाली नाही, मी पुढच्या बसची वाट पाहत खालीच राहिले. बस हलली तेव्हा सुगुणा पुढे बायकांच्या गर्दीत, दांडीला धरून, मामांकडे पाठ करून उभी होती.